पहिला पॉइंट कुठे टाकायचा?

पडद्यावर एक योद्धा उभा आहे. लढाई संपली आहे, शत्रू पडले आहेत, आणि खेळणारा मुलगा मात्र हातावर हनुवटी टेकवून नुसता बसला आहे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आईला वाटतं, कॉम्प्युटर बंद पडला. तसं काही नसतं. त्याच्या पात्राला नुकताच एक पॉइंट मिळालेला असतो आणि समोर तीस चौकटी असतात. त्यातली एकच आज उघडता येणार असते. बाकीच्यांतल्या काही पुढे कधीतरी उघडतील, काही कधीच उघडणार नाहीत. आज मला त्या दहा मिनिटांविषयी बोलायचं आहे.

कविता लिहिणाऱ्या माणसाचा या भानगडीशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध भाच्यामुळे आला. तो खेळायचा, मी शेजारी बसून बघायचो, आणि बघता बघता त्याच्यापेक्षा मीच जास्त विचार करू लागलो. असो.

या खेळांना रोल प्लेइंग गेम म्हणतात. पोरं नुसतं ‘आरपीजी’ म्हणतात. बुद्धिबळातला घोडा पहिल्या डावातही अडीच घरं चालतो आणि शेवटच्या डावातही. इथे तसं नाही. इथलं पात्र वाढतं. शत्रू मारले, कुणाचं काम करून दिलं, एखादं कोडं सोडवलं की अनुभव जमा होतो. अनुभवाचं माप भरलं की पात्र एक पायरी वर चढतं. त्या पायरीला ‘लेव्हल’ म्हणायचं. प्रत्येक लेव्हलला थोडी कमाई हातात पडते आणि ती कशावर खर्चायची हे खेळणाऱ्याने ठरवायचं. तलवार, जादू, कुलपं उघडणं, गोड बोलणं, सगळं विकत घेता येतं. एकदम मात्र घेता येत नाही. पगार कमी आणि गरजा जास्त, ही परिस्थिती आपल्या ओळखीची आहे.

याचं मूळ कॉम्प्युटरवर नाही, कागदावर आहे. १९७४ साली अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती चारपाच जण, कागद, पेन्सिली आणि फासे. तीन फासे टाकून आपल्या पात्राचं बळ किती, बुद्धी किती, चपळाई किती, असे सहा गुण ठरवायचे. त्यातला जादूगार सुरुवातीला फारच केविलवाणा. अंगात जीव नाही, चिलखत घालायची परवानगी नाही, आणि दिवसातून मंत्र किती म्हणायचे? फक्त एक. मग तो एक कोणता, यावर लोक डोकं लावत. अनुभवी मंडळी झोपेचा मंत्र घ्यायची. किरकोळ शत्रूंचा अख्खा जथाच्या जथा एका मंत्रात घोरू लागायचा आणि अशक्त जादूगार सगळ्या मित्रांचे प्राण वाचवायचा. पण पुढे मोठे राक्षस आले की त्यांच्यावर हा मंत्र चालतच नसे. आजच्या घडीला अमृत आणि उद्या पाणी, असा त्याचा प्रकार. तरीही तोच घेणं शहाणपणाचं होतं, कारण पहिल्याच भुयारात मेलेल्या जादूगाराला मोठा राक्षस भेटायचाच नसतो.

कॉम्प्युटरवर ही निवड खऱ्या अर्थाने जीवघेणी झाली ती ‘डायब्लो टू’ या खेळात. हा खेळ जून २००० मध्ये आला. त्यात प्रत्येक पात्रापुढे कौशल्यांची तीन झाडं मांडलेली असतात. जादूगारिणीचं उदाहरण घेऊ. तिचं एक झाड आगीचं, एक विजेचं, एक थंडीचं. प्रत्येक झाडाला दहा फळं, म्हणजे एकूण तीस. खालची फळं पहिल्या लेव्हललाच हाताला येतात. वरची सहाव्या, बाराव्या, अठराव्या, चोविसाव्या आणि शेवटची तिसाव्या लेव्हलला. वरच्या फळाकडे जायचं तर वाटेतली खालची आधी घ्यावी लागतात. प्रत्येक लेव्हलला एक पॉइंट, आणि एकेका कौशल्यात वीसपर्यंत पॉइंट ओतता येतात. सगळ्यात वरची लेव्हल ९९. तिथपर्यंत पोहोचणारे थोडेच, पण पोहोचलात असं धरलं तर ९८ पॉइंट लेव्हलचे आणि १२ खेळातली ठरावीक कामं केल्याचे, असे ११० होतात. आता हिशेब करा. तीस कौशल्यांपैकी पूर्ण भरता येतील फक्त पाच. उरलेल्या पंचविसांची वाटणी दहा पॉइंटांत.

आणि मुख्य गोष्ट पुढेच आहे. एकदा टाकलेला पॉइंट परत काढता येत नसे. गझल लिहिणाऱ्याला हे लगेच कळेल. मतल्यात काफिया आणि रदीफ बांधला की पुढचे सगळे शेर त्याच दावणीला. फरक एवढाच की गझल फसली तर कागद चुरगळता येतो. इथे फसलेल्या जादूगारिणीमागे पन्नास-साठ तासांचा खेळ असायचा. भाच्याने पहिली जादूगारीण केवळ थंडीच्या झाडावर वाढवली. बर्फाची वादळं पाडायची, शत्रू गोठायचे, मोठी मौज. खेळ एकूण तीनदा खेळायचा असतो, दर वेळी अधिक कठीण. तिसऱ्या फेरीत पोहोचल्यावर बिचाऱ्याला कळलं की तिथल्या कित्येक राक्षसांना थंडी बाधतच नाही. जन्मभर एकच विद्या शिकलेली ती बाई त्यांच्यापुढे नुसती धावत सुटली. ती खोडून दुसरी काढण्याखेरीज इलाज नव्हता.

या भीतीपोटी लोकांनी एक विचित्र रीत काढली. पॉइंट खर्चच करायचे नाहीत! मोठी फळं चोविसाव्या आणि तिसाव्या लेव्हलला लागतात ना, मग खालच्या किरकोळ फळांवर पैसा का उधळा? असं म्हणत लोक वीस-बावीस पॉइंट गाठीला बांधून, एका फुटक्या बर्फाच्या सुईवर दिवस काढायचे. लग्नासाठी पैसे साठवणाऱ्या घरात जसं जेवणात रोज पातळ वरण, तसं. गणिताने ही मंडळी बरोबर होती. पण अर्धा खेळ हाल काढण्यात जायचा, आणि खेळ हा हाल काढण्यासाठी विकत घेत नाहीत, हे कुणी त्यांना सांगायचं?

खेळ करणाऱ्यांच्याही ते लक्षात आलं असावं. २००३ साली त्यांनी नियम सुधारले. खालच्या कौशल्यात टाकलेला पॉइंट वरच्या कौशल्यालाही बळ देऊ लागला. सुरुवातीच्या त्या बर्फाच्या सुईतले पॉइंट पुढे हिमवादळाची धार वाढवू लागले. म्हणजे लहानपणी शिकलेलं वाया जायचं थांबलं. बंद गाठी सुटल्या. टाकलेले पॉइंट परत घेण्याची सोय मात्र यायला मार्च २०१० उजाडला. तोपर्यंत जवळजवळ दहा वर्षं, जे केलं ते केलं.

या झाडातच एक चौकट आहे, तिच्याकडे बघून मला निवडीचं अर्धं गणित समजलं. विजेच्या झाडावर अठराव्या लेव्हलला ‘टेलिपोर्ट’ मिळतं, म्हणजे एका जागेवरून अदृश्य होऊन दुसऱ्या जागी प्रकट व्हायचं. मधली भिंत, नदी, राक्षसांची झुंड, सगळं ओलांडून. यात एकच पॉइंट पुरतो. वाटेतलं एक कौशल्य धरून दोन. आणखी पॉइंट टाकले तर जादूचा खर्च थोडा कमी होतो, बस. उलट हिमवादळात एकच पॉइंट टाकला तर ते वादळ कसलं, पंख्याचा वारा. काही विद्या एकदा आली की आली, पोहण्यासारखी. काही विद्या रियाजाने वाढते. पहिल्या जातीची कौशल्यं लवकर घ्यावीत, कारण ती स्वस्त असतात आणि नवे रस्ते उघडतात. दुसऱ्या जातीचं एकच धरावं आणि त्याच्यावर सगळी पुंजी ओतावी. नवखा खेळाडू नेमकं उलटं करतो. पाच रियाजाच्या विद्यांमध्ये चार-चार पॉइंट वाटतो आणि कशातच धड उभा राहत नाही.

उरलेलं अर्धं गणित ‘फॉलआउट थ्री’ने शिकवलं. २००८ चा हा खेळ अणुयुद्धानंतर उद्ध्वस्त झालेल्या अमेरिकेत घडतो. (मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स यंत्रासाठी तो भारतात आणलाच नाही, ‘सांस्कृतिक संवेदनशीलता’ एवढंच कारण दिलं होतं. त्यातल्या दोन डोक्यांच्या गायींना ‘ब्राह्मिन’ म्हणतात, त्यावरून असेल, अशी चर्चा तेव्हा झाली.) या खेळात मुळात वीसच लेव्हल होत्या. प्रत्येक लेव्हलला कौशल्यं वाढवायला काही पॉइंट, आणि शिवाय एक खास गुण निवडायची मुभा. चौथ्या लेव्हलपासून ‘एज्युकेटेड’ नावाचा गुण मिळू शकतो. सुशिक्षित! त्याने बंदूक जोरात चालत नाही, जखम भरत नाही, काही म्हणता काही होत नाही. फक्त पुढच्या प्रत्येक लेव्हलला तीन पॉइंट जास्त मिळतात. चौथ्या लेव्हललाच घेतला तर उरलेल्या सोळा लेव्हलचे मिळून ४८ पॉइंट पदरात पडतात. तोच गुण एकोणिसाव्या लेव्हलला घेतला तर तीन. वस्तू तीच आणि किंमतही तीच. घ्यायची वेळ चुकली की पंचेचाळीस पॉइंट गेले.

पण यात एक फसगतही आहे. त्याच खेळात ‘स्विफ्ट लर्नर’ म्हणून दुसरा गुण आहे. त्याने अनुभव दहा टक्के वेगाने मिळतो. वाटतं, हाही सुशिक्षितासारखाच, आधी घ्यावा. पण लेव्हल वीसच! खेळात करण्यासारखं इतकं आहे की नीट हिंडणारा माणूस विसाव्या लेव्हलला आज ना उद्या पोहोचतोच. या गुणाने तो थोडा लवकर पोहोचेल आणि मग एक जागा कायमची फुकट गेल्याचं पाहत बसेल. तेव्हा वाढीचं आमिष दिसलं की आधी छप्पर कुठे आहे ते बघावं. टक्क्यांचंही तसंच. ज्याचा घाव दहाचा आहे त्याला दहा टक्के वाढ म्हणजे एक. ज्याचा हजाराचा आहे त्याला शंभर. म्हणून टक्केवारीची कौशल्यं उशिरा घेतली तरी चालतात. सुरुवातीला ‘सरसकट पाच जास्त’ देणारंच खरं उपयोगी पडतं.

२०११ च्या ‘स्कायरिम’ने हा सगळा बाजारच थोडा उलटा केला. तिथे अठरा कौशल्यं आहेत आणि जे वापराल ते वाढतं. धनुष्य चालवलं की धनुर्विद्या, लपूनछपून चाललं की लपण्याची कला. ऐकायला फार न्याय्य वाटतं. पण पात्राची एकूण लेव्हल वाढली की शत्रूही बलवान होतात, आणि लेव्हल कशाने वाढली हे कुणी विचारत नाही. लोकांनी लोहाराच्या भात्यासमोर बसून शेकड्यांनी लोखंडी खंजीर ठोकले, धडाधड लेव्हल चढल्या, आणि बाहेर पडल्यावर पहिल्याच दरोडेखोराने त्यांना लोळवलं. हात लोहाराचा तयार झाला होता, तलवारीचा नाही.

अलीकडचा एक गाजलेला खेळ म्हणजे २०२३ चा ‘बाल्डर्स गेट थ्री’, बेल्जियममधल्या लॅरियन कंपनीचा. हा थेट डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्याच नियमांवर बांधलेला, फासेही तसेच पडतात. यात लेव्हल फक्त बारा, पण पाचवी लेव्हल म्हणजे मोठी उडी. लढवय्याला एका डावात दोन वार करता येऊ लागतात, जादूगाराला आगीचा मोठा गोळा फेकता येतो. आता गंमत अशी की या खेळात एकच पात्र दोन पेशे शिकू शकतं. नवख्यांना हे फार आवडतं. थोडी तलवार, थोडी जादू. तीन लेव्हल लढवय्याच्या आणि दोन जादूगाराच्या केल्या की एकूण लेव्हल पाच होते, पण दुसरा वारही नाही आणि आगीचा गोळाही नाही. दोन डगरींवर पाय. जाणकार सांगतात की आधी एका पेशाची पाचवी लेव्हल गाठा, मग हवं तिकडे जा. मला हे पटतं.

शिवाय या खेळात विदर्स नावाचा एक सुकलेला म्हातारा तुमच्या तळावर येऊन राहतो. त्याला शंभर मोहरा दिल्या की तो तुमच्या सगळ्या निवडी पुसून पाटी कोरी करून देतो. पेशासुद्धा बदला. शंभर मोहरा म्हणजे त्या खेळात फार नव्हेत. २००० साली जे प्राणांतिक होतं ते आता भाजी घेण्याइतकं सोपं झालं आहे. भाचा म्हणतो, यात मजा गेली. मी म्हणतो, नोकरी करून रात्री तासभर खेळणाऱ्या माणसाने साठ तास पुन्हा कुठून आणायचे? आमचा हा वाद मिटलेला नाही. एक मात्र दोघांनाही मान्य आहे. पाटी पुसता येत असताना दुसऱ्याने आखून दिलेली तयार यादी समोर ठेवून पॉइंट टाकत जाणं, म्हणजे ज्याला पोरं ‘बिल्ड’ म्हणतात ते पहिल्याच खेपेला वापरणं, याला काही अर्थ नाही. दुसऱ्या खेपेला खुशाल वापरा.

आता माझा आवडता खेळ. तो सर्वांना आवडेलच असं नाही, कारण त्यात लढाई जवळजवळ नाही. २०१९ चा ‘डिस्को एलिझियम’, मुळात एस्टोनिया या चिमुकल्या देशातल्या मंडळींनी केलेला. त्यांचा म्होरक्या रॉबर्ट कुर्विट्झ हा कादंबरीकार. एक पोलिस अधिकारी हॉटेलच्या खोलीत दारू उतरताना जागा होतो. त्याला स्वतःचं नावही आठवत नाही. मागच्या अंगणात झाडाला एक प्रेत कित्येक दिवस लटकतं आहे आणि त्याचा तपास याने करायचा आहे.

यातली कौशल्यं चोवीस. बुद्धी, मन, शरीर आणि हातांची चपळाई अशा चार घरांत सहा-सहा. पण ती नुसते आकडे नाहीत, ती बोलतात! डोक्यात बसून सल्ले देतात, एकमेकांशी भांडतात. तर्क बोलतो, सहानुभूती बोलते, दरारा बोलतो, व्यसनाची हौस तर फारच बोलते. आणि ज्याच्यात जास्त पॉइंट टाकाल त्याचा आवाज जास्त ऐकू येतो. इथे जास्त म्हणजे नेहमी चांगलं असं नाही. तर्क फार वाढला की त्याला कुणीही हुशारीची स्तुती करून गंडवू शकतं. व्यसनाची हौस वाढवली तर माणसांची त्या बाबतीतली बित्तंबातमी कळते, पण ती तुम्हालाही बाटलीकडे ओढते. ज्ञानकोश नावाचं कौशल्य भरपूर माहिती देतं, बहुतेक बिनकामाची. आमच्या काही विद्वान मित्रांची मला इथे आठवण होते, पण नावं घेत नाही.

सुरुवातीला चार घरांत पॉइंट वाटायचे असतात. वाचणारी, विचार करणारी माणसं सगळं बुद्धीत आणि मनात ओततात, शरीराला किमान ठेवतात. मग खेळ सुरू होतो. छताच्या फिरत्या पंख्याला नायकाचा टाय लटकलेला असतो. तो काढायला जावं, फासा उलटा पडावा, आणि त्या श्रमाने हृदय बंद पडून खेळ तिथेच संपावा, असं खरोखर घडतं. पहिल्या पाच मिनिटांत, टाय काढताना मृत्यू.

या खेळात शंभर अनुभव झाले की एक पॉइंट. आणि इथे पॉइंट गाठीला ठेवण्याची ती जुनी डायब्लोतली रीत वेगळ्या कारणाने शहाणपणाची ठरते. परीक्षा दोन रंगांच्या असतात. लाल परीक्षा एकदाच देता येते, नापास तर नापास, गोष्ट त्या नापासासह पुढे जाते. पांढरी परीक्षा हुकली तर ती बंद होते, पण त्या कौशल्यात एक पॉइंट टाकला की पुन्हा उघडते. म्हणून खिशात एकदोन पॉइंट नेहमी असावेत. दार बंद झालं की काढायचे. सगळे आधीच खर्चलेला माणूस त्या दारासमोर पुढच्या लेव्हलपर्यंत ताटकळतो. मात्र पाच-सहा साठवून ठेवू नयेत. तेवढे आवाज तेवढा काळ गप्प राहतात, आणि या खेळात आवाज हीच कमाई आहे.

मी पहिला पॉइंट कशात टाकतो, असं भाच्याने विचारलं होतं. तपासाला सहानुभूती उपयोगी, तर्क उपयोगी. मी ‘शिव्हर्स’ घेतो, म्हणजे शहारा. रस्त्यावर वारं सुटलं, पाऊस लागला की अंगावर काटा येतो आणि शहर बोलायला लागतं. कुठल्या गल्लीत काय चाललं आहे, कोण जागं आहे, हे समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर ऐकू येतं. आणि हे कौशल्य मनाच्या घरात ठेवलेलं नाही, बुद्धीच्याही नाही. ते शरीराच्या घरात आहे, दमसास आणि वेदना सोसण्याच्या शेजारी. म्हणून मी आता शरीरात चार पॉइंट टाकतो. त्यामुळे तो पंख्यावरचा टाय काढताना फासा उलटा पडला तरी जीव जात नाही.